मानधनातला मान

जून उजाडला, की जिल्हा परिषदेच्या शाळा उघडतात. विदर्भात उन्हामुळे जरा उशिरा. मग 5 सप्टेंबरला, शिक्षकदिनी, गुणवंत गुरुजींचा सत्कार होतो. तो व्हायलाच हवा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला... आणि जिल्हा परिषदेच्या शाळेकडे जगाचं लक्ष गेलं. पण शाळा एकट्या गुरुजींवर चालत नाही. पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या ताईही ती चालवतात. तांदूळ निवडायचे, मुलांना वाढायचं, भांडी घासायची... हे चुकलं, तर उपाशी पोरांना पाढे कसे सुचणार? मग या ताईंचाही सत्कार व्हायला हवा.

कुणी म्हणेल, सगळ्यांचाच सत्कार केला, तर त्याला किंमत काय? शंका रास्त आहे. सगळ्यांचा नकोच, ज्यांचं काम चोख, त्यांचा करा. दुसरं कुणी म्हणेल, शाल-श्रीफळानं पोट भरत नाही. खरंच आहे. या ताईंना पगार नाही, मानधन मिळतं, तेही तुटपुंजं. ते वाढायलाच हवं. पण ज्यांचं काम दिसत नाही... त्यांची मागणीही ऐकू जात नाही. म्हणून पुन्हा सांगते, शाळा एकट्या गुरुजींवर चालत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच जास्त असतात. तेव्हा पालकहो, पुढच्या बैठकीत सत्कारासाठी या ताईंचं नाव तुम्हीच सुचवा.