दोरा अडतो तिथे

आकृतीत पोकळी आहे का, हे ओळखण्याची टोपॉलॉजीतली कसोटी साधी आहे. बांगडीवरून दोरा पूर्ण फिरवून टोके बांधा. बांगडी न सोडता तो एका बिंदूपर्यंत आवळता येत नाही. म्हणून पोकळी आहे.

आता ‘वॉर्सा वर्तुळ’ ही चीज पाहा. एका उभ्या रेषाखंडाकडे अनंत लाटा सरकत जातात; उंची सर्वांची सारखी, पण प्रत्येक लाट आधीच्या लाटेहून अरुंद. खंडाच्या टोकापासून निघालेली रेघ वळसा घेऊन लाटांच्या आरंभाला मिळते. लाटांवरून निघालेल्या मुंगीला अनंत वेळा पूर्ण उंची चढावी-उतरावी लागेल. खंडापर्यंत ती पोचायचीच नाही. मग दोऱ्याची फेरी पुरी कशी व्हावी? कसोटी म्हणते, पोकळी नाही. आणि ह्या रेघेने कागदाचे आत-बाहेर असे दोन भाग तर सरळ केलेले दिसतात!

खोट कोणाची, आकृतीची की कसोटीची? अशा आकृतीला वात्रट म्हणून फेकून देणे सोपे. पोलंडच्या कारोल बोर्सुकांनी ते केले नाही. (जर्मनांनी विद्यापीठ बंद केल्यावर ह्याच गृहस्थांनी १९४३ मध्ये पोटासाठी पाळीव जनावरांचा एक खेळ रचून विकला होता.) १९६८ मध्ये त्यांनी सांगितले: दोरा रेघेवर नको, रेघेभोवतीच्या पट्टीत फिरवा. जाड शाईने रेघ गिरवली की अरुंद लाटा एकमेकींत मिसळतात आणि दोरा पार होतो. पट्टी निम्मी करा, शतांश करा. आणखी काही लाटा सुट्या होतील, पण त्यांच्या पुढच्या अनंत लाटा मिसळलेल्याच राहतील. पोकळी दर वेळी सापडतेच. बांगडीसारख्या सुबक आकृत्यांवर मात्र जुनी आणि नवी कसोटी एकच उत्तर देतात.