जिनिव्हा, अलंग आणि सचिन



‘आंतरराष्ट्रीय संस्था आणि पर्यावरणरक्षण’ हा विषय मला देण्यात आला. नैरोबी किंवा जिनिव्हापासून आरंभ करणे सोपे होते. पण आपण उधन्यात बसलो आहोत. येथून दोन स्टेशने पलीकडे सचिन आहे. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे तेथील नाल्यात टँकरमधून रसायन सोडले जात होते. त्यातून उठलेल्या विषारी वायूने सहा कामगारांचे प्राण घेतले. ते रसायन तळोज्याहून आल्याचे पोलिसांनी सांगितले.

घातक कचरा देशोदेशी फिरवण्यावर निर्बंध घालणारा बासेल करार १९८९ साली झाला. भारताने तो १९९२ साली स्वीकारला. कराराला स्वतःचे पोलीस नसतात. तरीही त्याने न्यायालयात वाद घालण्यास भक्कम आधार दिला. ॲस्बेस्टॉस असलेली ‘क्लेमेन्सो’ ही फ्रेंच युद्धनौका आपल्या आखातापलीकडे अलंगला तोडली जायची होती. प्रकरण दोन्ही देशांच्या सर्वोच्च न्यायपीठांपुढे गेले आणि २००६ साली फ्रान्सने ती माघारी बोलावली.

परंतु हा करार राष्ट्राराष्ट्रांमधला. तळोजा आणि सचिन यांच्यामध्ये सीमा आहे ती राज्यांची! तेथे आपले २०१६ चे घातक कचरा नियम लागू होतात. असा माल नेणाऱ्या टँकरसोबत, तो कोठून निघाला व कोठे जाणार, हे सांगणारी कागदपत्रे असावीच लागतात. खानदेशातून येथे येऊन डाइंगमध्ये राबणाऱ्या आपल्या माणसाला हे कोणी सांगितले आहे काय? त्या नियमांचा सोपा मराठी सारांश ग्रंथालयाने वाचनकक्षात ठेवावा, अशी चालकांना माझी विनंती आहे.