खोड मोडण्यापेक्षा संधी मोडा : वस्तीवरच्या कुत्र्याची व्यवस्था

(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



गाईम्हशींच्या आजारांवर आपण नेहमी बोलतो. आज मी वस्तीवरच्या कुत्र्याविषयी चार गोष्टी सांगणार आहे. राखणीला कुत्रा हवाच. पण तोच कोंबड्यांमागे धावतो, मिरचीचा गादीवाफा उकरतो, दूध न्यायला आलेल्या माणसाच्या अंगावर जातो. मग आपण काठी उचलतो, नाहीतर "याला शिकवले पाहिजे" म्हणतो. शिकवायला रोज वेळ द्यावा लागतो आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रीतीने वागावे लागते. सुगीच्या दिवसांत हे जमत नाही. म्हणून आधी सोपे काम करा. कुत्र्याला खोडीची संधीच मिळणार नाही, अशी वस्तीची मांडणी करा.

काठीने काय होते, हे मी माझ्याच घरी पाहिले. थोरल्या बंधूंच्या वस्तीवरचा कुत्रा खाताना कोणी जवळ गेले की गुरगुरायचा. त्याला मार मिळू लागला. थोड्या दिवसांत गुरगुरणे बंद झाले. कुत्रा सुधारला असे सगळ्यांना वाटले. पशुवैद्यक असून मलाही वाटले. एके दिवशी सहा वर्षांचा पुतण्या त्याच्या थाळीजवळ पडलेला चेंडू उचलायला वाकला आणि कुत्र्याने आवाजही न करता त्याच्या गालाचा चावा घेतला. मारामुळे इशारा देणे तेवढे थांबले होते, मनातली धास्ती तशीच होती. मुलाला लस आणि जखमेत इंजेक्शने घ्यावी लागली. मूल बरे झाले, पण व्रण राहिला. आज तो कुत्रा जाळीच्या खोपट्यात, दार लावून खातो. खाऊन झाल्यावर थाळी उचलली जाते. एवढी व्यवस्था आधी केली असती तर पुढचे टळले असते.

खोड पक्की कशी होते, तेही समजून घ्या. मोटारसायकल आली की कुत्रा भुंकत धावतो आणि मोटारसायकल निघून जाते. ती जाणारच असते, पण आपणच तिला हाकलले असे कुत्र्याला वाटते. रोज हे घडले की खोड घट्ट होते. पायवाटेवर रोज चालले तर ती रुळते, चालणे थांबले तर गवत उगवते, तसेच हे आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो.

१) कोंबड्या : खुराड्याभोवती जाळी लावा व तिची खालची कड वीतभर जमिनीत गाडा, म्हणजे उकरून आत जाता येणार नाही. अंडी सकाळ-संध्याकाळ गोळा करा.

२) गादीवाफे : उन्हाळ्यात कुत्रा गारव्यासाठी ओली माती उकरतो. वाफ्याभोवती बाभळीच्या फांद्या लावा आणि झाडाखाली त्याच्यासाठी ओल्या वाळूची वेगळी जागा करा.

३) येणारी-जाणारी माणसे : दूध न्यायची वेळ ठरलेली असते. त्याआधी कुत्र्याला रस्ता दिसणार नाही अशा जागी बांधा. फाटकाशी बांधू नका. तेथे तो दिवसभर चिडत राहतो.

४) साखळी : दिवसभर आखूड साखळीला बांधलेला कुत्रा जास्त चिडका होतो. दोन खांबांमध्ये डोक्याच्या वर तार ताणून तिच्यात सरकती कडी घाला व साखळी तिला जोडा. कुत्र्याला फिरता येते. मात्र साखळी भिंत किंवा कुंपण ओलांडण्याइतकी लांब नको. पलीकडे उडी मारून त्याला फास बसू शकतो. सावली व पाणी आवाक्यात ठेवा.

५) जार व मेलेली जनावरे : जार खोल पुरा. शेळ्यामेंढ्यांची कच्ची फुफ्फुसे, काळीज कुत्र्याला घालू नका. त्यातून कुत्र्याच्या पोटात फीतकृमी होतात आणि त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास काळजात, फुफ्फुसात पाण्याच्या गाठी होतात.

६) बिबट्याचा भाग : अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या भक्ष्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा आढळला. उघड्यावर बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही, आणि त्याच्या ओढीने बिबट्या दारापर्यंत येतो. रात्री कुत्र्याला बंद खोलीत किंवा वरून झाकलेल्या मजबूत जाळीत ठेवा.

या पद्धतीची एक उणीव आहे. फाटक एक दिवस उघडे राहिले की सारे फुकट. म्हणून लहान मुले असतील तेथे एका अडसरावर विसंबू नका. फाटक आणि साखळी दोन्ही ठेवा. दार कोणी लावायचे, हे घरात एकाच माणसावर सोपवा.

शेवटी, व्यवस्था कितीही चांगली असली तरी लस चुकवू नका. पिलाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्या. पुढची मात्रा व दरवर्षीची लस पशुवैद्यकांच्या सल्ल्याने द्या. कोणाला कुत्रा चावला तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची लावू नका. कुत्रा एकाएकी बदलला, लाळ गाळू लागला, आवाज घोगरा झाला, तर ती खोड समजू नका. जवळ न जाता पशुवैद्यकांना कळवा.

आज घरी गेल्यावर एवढे करा. कुत्र्याची कोणती खोड कोठे व केव्हा होते, ते पाहा आणि त्या जागेची व्यवस्था बदला. काठी हातात घेण्याची वेळ बहुधा येणार नाही.