पडद्याची जोडणी



आमच्या शाळेच्या कार्यालयात एक वयस्क लेखनिक आहेत. दहावीच्या अर्जांतील नावे व जन्मतारखा शाळेच्या जुन्या नोंदवहीशी ताडून पाहणे हे त्यांचे काम. नोंदवहीची छायाचित्रे संगणकात, अर्जही संगणकात. एकाच पडद्यावर दोन्ही मागेपुढे करताना एका मुलाची जन्मतारीख चुकली, आणि ती दुरुस्त करून घेण्यासाठी त्याच्या वडिलांना तीन दिवसांच्या मजुरीस मुकावे लागले. तेव्हा एका पडद्यावर नोंदवही व दुसऱ्यावर अर्ज अशी सोय करावी, असे ठरले. एका माजी विद्यार्थ्याने वापरलेला मॉनिटर दिला. उरलेली खरेदी मजकडे आली. विज्ञान शिकविणाऱ्यास सर्व काही समजते, असा शाळेत एक समज असतो.

संगणकाला दोन मुखे होती. व्हीजीएवर जुना पडदा होता, एचडीएमआय मोकळे होते. भेट आलेल्या मॉनिटरचे मात्र डिस्प्लेपोर्ट तेवढेच चालू होते. दुकानदाराने एक लहानसा अडॅप्टर काढून दिला. मी शंका विचारली, तर म्हणाला, "पिन बसत्या न्हवं सर, मग चालतंय की!" पिन बसली. पडदा काळाच राहिला.

दोष मॉनिटरचा नव्हता, संगणकाचाही नव्हता. तो अडॅप्टर डिस्प्लेपोर्टच्या संगणकाकडून एचडीएमआयच्या पडद्याकडे जाण्यासाठी केलेला होता. आम्हास उलट दिशेने जायचे होते. संगणकावरील पुष्कळ डिस्प्लेपोर्ट मुखांना एचडीएमआयची भाषाही बोलता येते. तेथे अडॅप्टरला केवळ तारांची मांडणी व विजेची पातळी बदलावी लागते; म्हणून तो स्वस्त असतो व त्यास पॅसिव्ह म्हणतात. एचडीएमआयला डिस्प्लेपोर्टची भाषा येत नाही. मध्ये खराखुरा दुभाषा बसवावा लागतो, आणि त्या दुभाष्यास बहुधा यूएसबीतून वेगळी वीजही द्यावी लागते. हा ॲक्टिव्ह अडॅप्टर. बाहेरून पाहता दोघे जुळे भाऊच! म्हणून दुकानात पिनेचा आकार सांगून भागत नाही. संगणकाकडे कोणते मुख व पडद्याकडे कोणते, हे त्याच क्रमाने सांगावे.

दुसरा घोटाळा मुखांच्या संख्येचा. २००९ साली एएमडीचे रेडिऑन एचडी ५८७० हे कार्ड निघाले. त्यास दोन डीव्हीआय, एक एचडीएमआय व एक डिस्प्लेपोर्ट अशी चार मुखे. पडदे तीन चालत. परंतु डीव्हीआय व एचडीएमआय यांना प्रत्येकी स्वतंत्र ताल देणारे घड्याळ लागते, आणि कार्डात अशी घड्याळे दोनच होती. तिसरा पडदा डिस्प्लेपोर्टवरच चाले. कोणी तेथे स्वस्त पॅसिव्ह अडॅप्टर लावला, की ते मुख पुन्हा एचडीएमआयच्याच चालीने वागू लागे, तिसरे घड्याळ मागे, आणि पडदा अंधारात राही. जुन्या बाजारातून कार्ड घेणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

एका मुखाला दोन तोंडे फोडणारा स्प्लिटरही मिळतो. तो दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवितो. सभागृहात त्याचा उपयोग, आमच्या लेखनिकांस काडीचा नाही. यूएसबीतून पडदा चालविणारे डिस्प्लेलिंकचे अडॅप्टर मात्र अक्षरांच्या कामास पुरतात. त्यासाठी त्यांची आज्ञावली संगणकात घालावी लागते. मोठा, ३८४० गुणिले २१६० बिंदूंचा पडदा असेल, तर अडॅप्टर एचडीएमआय २.० चा आहे ना, हे पाहावे. १.४ वर असे चित्र सेकंदास ६० ऐवजी ३० वेळाच बदलते व माउसचा बाण अडखळत चालतो.

आम्ही अखेर ॲक्टिव्ह अडॅप्टर आणला. पहिला दुकानदाराने परत घेतला नाही. तो प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. पडदा उजळल्यावर लेखनिकांनी एक गोष्ट माझ्याआधी हेरली. व्हीजीए ही १९८७ सालची पद्धत. तीत चित्र आकड्यांच्या रूपाने न येता विजेच्या चढउतारांतून येते, आणि आमच्या जुन्या पडद्यावर बारीक अक्षरांच्या कडा किंचित फुगत. तेथे ३ आणि ८ यांत घोटाळा होई. त्यांनी निमूटपणे नोंदवही नव्या पडद्यावर सरकविली व म्हणाले, "सर, तारखा इथं वाचतो. अर्ज तिथं राहू दे."