दारू सोडायची तर मदत मागावी लागेल
(शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



आपल्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलणे होते, ज्वारीच्या भावावर होते, वीजबिलावर आणि कर्जावर होते. दारूचा विषय निघाला की सगळे माना खाली घालतात. बावीस-पंचवीस वर्षांचा तरणा पोरगा सकाळी हात थरथरतात म्हणून गुत्त्याकडे निघतो, हे इथे बसलेल्यांना नव्याने सांगायला नको. कुणी रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यात ठेक्यावर आहे, कुणी घरच्या कोरडवाहू रानात. आज आपण त्यांच्यासाठी बोलू.

भाव मिळत नाही म्हणून पोरे पितात, असे कुणी म्हणेल. भाव मिळत नाही हे खरे आहे. पण पिऊन कर्जाचा एक रुपया फिटत नाही, आणि पडलेला माणूस भावासाठी भांडायलाही येत नाही.

पोरगा प्यायला लागला की बाप मारतो, आई रडते, मामा समजावतो. पोरगा विठोबाची शपथ घेतो, गळ्यात माळ घालतो आणि आठ दिवसांत पुन्हा पितो. मग आपण म्हणतो, याला लाज नाही. भावांनो, दारूचे व्यसन हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजारच मानते. कपाशीवर बोंडअळी पडली तर आपण कपाशीला शिव्या देत नाही, इलाज करतो.

आता चुकीचे इलाज सांगतो. पहिला, लग्न. सुधारेल म्हणून परक्याची लेक घरात आणायची आणि आपला आजार तिच्या पदरात टाकायचा. हा इलाज नाही, अन्याय आहे. दुसरा, जेवणात गुपचूप पावडर किंवा गोळी कालवणे. दारू सोडवणारी एक गोळी आहे. ती घेतल्यावर दारू प्यायली तर रक्तदाब घसरतो, छाती धडधडते, जीवही जाऊ शकतो. ती डॉक्टरने तपासूनच द्यायची आणि घेणाऱ्याला माहीत असलेच पाहिजे. तिसरा, खोलीत कोंडून ठेवणे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत घाम, थरथर, भास, फिट येऊ शकते. त्यातही माणूस दगावतो. म्हणून दारू सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली.

खरा इलाज लांब नाही. पुण्यात येरवड्याला 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सुनंदा तथा अनिता अवचट यांनी ते काम उभे केले. त्या 1997 साली गेल्या, अनिल अवचट 2022 साली गेले. केंद्र चालू आहे. तिथे साधारण पाच आठवडे राहावे लागते. आधी औषधाने शरीर सावरतात, मग बोलणे सुरू होते. समजावणाऱ्यांत अनेक जण स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आहेत. त्यांच्यापुढे पोराला खोटे बोलावे लागत नाही. बायकोला आणि आईलाही बोलावून घेतात, कारण घर सगळेच आजारी पडलेले असते.

शिरूरहून पुण्याला जाणारी एस.टी. येरवड्यावरूनच जाते. दौंडकरांना पुणे स्टेशनला उतरून जाता येते. ससूनमध्येही मानसोपचार विभाग आहे. आधी नुसते विचारायचे असेल तर 14446 हा सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन आहे, 14416 हा मनाच्या आजारांसाठी आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडलेल्यांची संघटना 1935 साली अमेरिकेत निघाली, 1957 पासून आपल्या देशात आहे. ती फी घेत नाही.

तरीही माणसे पोचत नाहीत. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 साली आला. दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांत एकालाच कसलीतरी मदत मिळाली होती. बाकीचे लाजेपायी राहिले, पैशापायी राहिले, नाहीतर 'सुगी झाल्यावर पाहू' म्हणून राहिले.

तरण्या पोरांनो, सकाळी हात थरथरत असतील, पहिल्या ग्लासानंतर थांबता येत नसेल, तर तिशीची वाट पाहू नका. स्वतःच्या पायांनी जाऊन 'मला मदत पाहिजे' म्हणा. असे म्हणण्यात मर्दानगी जात नाही.

गावाने दोन कामे करावीत. पोरगा पाच आठवडे गेला तर त्याच्या ज्वारीची काढणी सावडीने करून द्यावी, म्हणजे रानाचे कारण उरणार नाही. आणि तो परत आल्यावर 'घे रे एक घोट' म्हणणाऱ्याला चारचौघांत अडवावे. तो पुन्हा घसरलाच तर हसू नका. पाऊस दगा देतो तेव्हा आपण शेती सोडत नाही, दुबार पेरणी करतो. त्याला पुन्हा एस.टी.त बसवा आणि या वेळी कुणीतरी सोबत जा.

आज घरी जाताना प्रत्येकाने आपल्या गावातले असे एक नाव मनात धरावे. पुढच्या बैठकीत तो पोरगा कुठे पोचला, एवढेच आम्ही विचारू.