'तुंबाड'चे भय आणि त्याचा प्रेक्षक

ज्या चित्रपटात भीतीचे मूळ बाहेरच्या भुताखेतांत नसून पात्राच्याच वासनेत, अपराधभावात किंवा हव्यासात असते, त्याला मानसिक भयपट म्हणतात. आणि ही व्याख्या मान्य केली, तर राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला, १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेला 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट, त्यात हस्तर नावाचा शापित देव प्रत्यक्ष दिसत असूनही, याच प्रकारात मोडतो. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीची आठवण करून देते आणि कथेचे बीज नारायण धारपांच्या (१९२५–२००८) भयकथेतले आहे. त्यामुळे जगबुडीकाठच्या खोत घराण्याच्या चार पिढ्या शोधायला गेलेल्या पेंडश्यांच्या वाचकाला तेथे काहीच सापडत नाही, तर साखळदंडाने जखडलेली भुकेली आजी पाहताच धारपांचा वाचक ओळखीच्या घरात शिरतो. धारपांच्या 'आजी' या कथेचे मूळही स्टीफन किंग यांच्या कथेत आहे, हे खरे. तथापि घराण्यात वारशासारखा उतरणारा लोभ ही चित्रपटाची स्वतःची कमाई आहे.

हा लोभ कसा दाखवला आहे, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. चित्रपटाचा नायक विनायक दोरावरून हस्तर राहतो त्या देवीच्या गर्भात उतरतो, पिठाचे रिंगण आखून त्यात बसतो आणि कणकेची बाहुली पुढे करतो. अन्नाला कायमचा पारखा झालेला हस्तर तिच्यावर तुटून पडला की तेवढ्या अवधीत त्याच्या लंगोटातून सुवर्णमुद्रा ओढून घ्यायच्या. हेच कसब तो आपल्या कोवळ्या मुलाला, पांडुरंगाला शिकवतो, आणि पुढे मुलगाच बापापेक्षा मोठी हाव सुचवतो, तेव्हा अंगावर येणारा काटा हस्तरामुळे आलेला नसतो. आजी आणि पांडुरंग या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच बालकलाकाराने केल्या आहेत, ही निवड घराण्याच्या शापाला फार नेमका अर्थ देते.

व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ या चित्रपटाने झाला, तरी चित्रपटगृहातला पहिला प्रतिसाद बेताचाच राहिला. मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. दचकवून निर्माण केलेली भीती पहिल्याच पाहण्यात संपते. घरबसल्या हा चित्रपट पाहून झालेले लोकही पुन्हा तिकीट काढून गेले, याचा अर्थ त्यांना धरून ठेवणारी गोष्ट दचकण्यापलीकडची होती.

तोरणा-राजगड परिसरातल्या विंझर गावच्या श्रोत्याला तर धनाच्या लोभाचा हा विषय परका नाही. तोरण्यावर सापडलेले धन राजगडाच्या बांधकामी लागले, हा इतिहास या खोऱ्यात घरोघरी सांगितला जातो. आणि याच महाराष्ट्रात गुप्तधनाच्या शोधापायी होणारे अघोरी प्रकारही थांबवण्यासाठी २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. सापडलेले धन रयतेच्या राज्यासाठी खर्ची घालणे आणि ते जगापासून लपवून स्वतःसाठीच उपसत राहणे, यांतले अंतर ज्याला कळते, त्याला विनायकाची भीती समजावून सांगावी लागत नाही.

एक खंत मात्र उरते: माणसे, वाडा, पाऊस, कथाबीज सारे मराठी असलेला हा चित्रपट मराठीत झाला नाही. निदान तो पाहिलेल्या तरुणांच्या हाती गावोगावच्या वाचनालयांनी धारप आणि पेंडसे, दोघांचीही पुस्तके आवर्जून द्यावीत.