युद्धपटातला कॅमेरा आणि आपला सतरा सप्टेंबर

(लातूर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या सत्राचं नाव 'युद्धपट आणि स्त्रिया' असं लावलंय. सकाळी चहाच्या वेळी काही जणींनी मला विचारलं, की पोटगीच्या केसेस आहेत, रोजगार हमीची मजुरी थकलीय, हे सगळं सोडून सिनेमावर दोन तास कशाला? प्रश्न रास्त आहे. सिनेमाची हौस म्हणून मी हा विषय घेतलेला नाही.

गेली काही वर्षं नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या आपल्या गटांमध्ये सप्टेंबर आला की एक मागणी येते. मुक्तिसंग्राम दिनाला रझाकारांवरचा सिनेमा दाखवा, म्हणतात. मराठीत २०१५ साली 'रझाकार' निघाला होता. २०२४ मध्ये तेलुगूत त्याच नावाचा, मोठ्या खर्चाचा सिनेमा आला. मोबाईलवर अशा सिनेमांचे तुकडे आपल्यापर्यंत येतातच, आपण नको म्हटलं तरी. आणि आपल्या गटाच्या सतरंजीवर हिंदू, बौद्ध, मुस्लिम अशा सगळ्या बाया मांडीला मांडी लावून बसतात. तिथं हा सिनेमा लावायचा का, लावला तर कसा, हे आपल्याला ठरवायचं आहे. ते ठरवायला सिनेमा बोलतो कसा हे आधी समजून घ्यावं लागेल. गोष्ट काय आहे हे आपल्याला लगेच कळतं. ती सांगताना आपल्याला कुठे उभं केलं जातं, ते मात्र लक्षात येत नाही.

तर आधी लांबचं एक उदाहरण घेऊ, म्हणजे आपण चिडणार नाही आणि नीट बघू. स्टीव्हन स्पीलबर्गचा 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' १९९८ मध्ये आला. दुसऱ्या महायुद्धातल्या फ्रान्सच्या किनाऱ्यावरची लढाई त्यात सुरुवातीलाच आहे, वीसेक मिनिटं चालते. जगातल्या युद्धपटांची त्यानंतर भाषाच बदलली असं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. त्याआधीच्या बऱ्याच युद्धपटांत कॅमेरा उंचावरून, शांतपणे रणांगण दाखवायचा. इथे तो हातात धरलेला आहे, शिपायाच्या डोळ्यांच्या उंचीवर. तो धडपडतो, पाण्याखाली जातो, भिंगावर पाण्याचे आणि रक्ताचे थेंब उडतात. रंग मुद्दाम फिके केलेले आहेत. हालचाली तुटक दिसाव्यात म्हणून कॅमेऱ्याचं शटर नेहमीपेक्षा कमी वेळ उघडं ठेवलं होतं. मध्येच जवळ स्फोट होतो आणि नायकाच्या कानांना बधिरपणा येतो, तेव्हा आपल्यालाही आवाज ऐकू येईनासे होतात. आपण आता प्रेक्षक उरलेलो नसतो, आपण त्याच्या अंगात शिरलेलो असतो.

हे कसब मोठंच आहे, नाकारण्याचं कारण नाही. पण त्याच वीस मिनिटांत पलीकडच्या मशीनगनवरचा माणूस बघा. कॅमेरा त्याच्या पाठीमागे उभा आहे. खंदकाच्या अंधारात त्याची नुसती काळी आकृती दिसते. त्याला चेहरा नाही. ज्याला चेहरा दिला, तो मेला की आपल्याला दुखतं. ज्याला दिला नाही, तो मेला की आपण सुटकेचा श्वास सोडतो. यासाठी कोणाला भाषण करावं लागत नाही, कॅमेरा कुठे ठेवला एवढ्यावर काम होतं.

आणि या सिनेमात बाया कुठे आहेत? फार थोड्या ठिकाणी, पण आहेत. एका कचेरीत रांगेने बसलेल्या बाया टाइपरायटरवर मेलेल्या शिपायांच्या घरी पाठवायची पत्रं बडवताहेत. त्यातल्या एकीला शंका येते की एकाच आडनावाची तीन पत्रं आपल्या हाताखालून गेली. तिथूनच पुढचं सगळं कथानक घडतं. म्हणजे शोध तिचा आहे! पण ती उठून साहेबाकडे जाते, आणि मग बोलणं साहेबांचं सुरू होतं. नंतर त्या तीन मुलांची आई दिसते. स्वयंपाकघरात भांडी धुताना तिला खिडकीतून मोटार येताना दिसते. ती दारात येते, पाद्री उतरताना पाहते, आणि पडवीत मटकन खाली बसते. हे सगळं आपण तिच्या पाठीमागून पाहतो. तिला एकही वाक्य नाही. प्रसंग हृदयाला भिडणारा आहे, मला दर वेळी भिडतो. तरी मी विचारते, शिपायाच्या कानातला बधिरपणा आपल्याला ऐकवणाऱ्या दिग्दर्शकाला, त्या आईच्या कानात त्या क्षणी काय वाजलं हे ऐकवावंसं का नाही वाटलं?

आता आपल्याकडचं बघू. 'बॉर्डर' १९९७ चा, तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. त्यात बाया पत्रात आणि गाण्यात राहतात. 'उरी' २०१९ चा. त्याला पार्श्वसंगीत आणि ध्वनियोजना या दोन्हींसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ते योग्यच आहे, कारण हा सिनेमा निम्मा कानांनी बघायचा आहे. त्यात एक अंत्यसंस्काराचा प्रसंग आहे. शहीद अधिकाऱ्याची लहान मुलगी रडत रडत वडिलांच्या रेजिमेंटची घोषणा देते आणि उभे असलेले जवान तिला प्रतिसाद देतात. आमच्या नांदेडच्या एका गटात हा प्रसंग आम्ही आवाज पूर्ण बंद करून पाहिला. गंमत सांगते, गंमत म्हणू नये खरं तर. आवाजासकट पाहिला तेव्हा सगळ्यांच्या मुठी आवळल्या होत्या. आवाज घालवल्यावर समोर उरली एक घाबरलेली, ओरडणारी पोर. बाया एकदम गप्प झाल्या. मग एकीने विचारलं, की हिच्या आईचं पुढं काय होतं? आई म्हणजे नायकाची बहीण, ती तिथेच उभी आहे. पण मुलीचा हुंदका घोषणा झाला, घोषणेचा नायकाच्या चेहऱ्यावर निश्चय झाला आणि तिथून गोष्ट मोहिमेकडे निघून गेली. दोन चित्रं एकापुढे एक जोडली की त्यातून तिसराच अर्थ निघतो. संकलन म्हणतात ते हेच. पोरीच्या रडण्यापुढे आईचा चेहरा जोडला असता तर अर्थ वेगळा झाला असता. बदला जोडला, म्हणून रडणं बदल्याचं कारण झालं.

नुसत्या तक्रारी नकोत म्हणून एक वेगळं उदाहरण देते. इटलीच्या जिलो पोंटेकोर्वोने १९६६ मध्ये 'बॅटल ऑफ अल्जिअर्स' केला. फ्रेंच राजवटीविरुद्ध अल्जेरियाच्या लढ्याचा हा सिनेमा आहे आणि तो कोणाच्या बाजूने आहे याबद्दल जराही संदिग्धता ठेवत नाही. त्यात तीन बाया केस कापून, फ्रेंच बायांसारखे कपडे घालून चौकीवरून पार होतात आणि गर्दीच्या ठिकाणी बाँब ठेवतात. पण बाँब ठेवल्यावर कॅमेरा काय करतो? तो त्या बाईच्या नजरेने उपाहारगृहातले चेहरे बघतो. शत्रूच्या बाजूचे, आता मरणार असलेले, हसणारे, पेय पिणारे. एक लहान मूल आइस्क्रीम खात असतं, तेही. आणि दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांना बाहेर काढताना मागे एकच संगीत वाजतं, तेच दुःखाचं. बाजू घेऊनही पलीकडच्या प्रेताला सूर नाकारायचा नाही, हे त्या माणसाला जमलं. हे लक्षात ठेवा, कारण आता आपण घरी येणार आहोत.

१९४८ चा सप्टेंबर. १३ तारखेला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं आणि १७ ला निजाम शरण आला. रणगाडे होते, विमानं होती, मेजर जनरल चौधरी होते. नाव मात्र 'पोलीस अ‍ॅक्शन'. आपले म्हातारेकोतारे आजही हाच शब्द वापरतात. नाव देणं हेही तंत्रच की!

त्याआधीची दोन वर्षं रझाकारांनी काय केलं, ते इथे मी नव्याने सांगायला नको. कासिम रझवी याच लातूरचा वकील. इथून जवळच बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याला १९४८ च्या मे महिन्यात झालेलं हत्याकांड आपल्या भागात अजून विसरलं गेलेलं नाही. गावं जाळली, बायांवर अत्याचार झाले, लोक घरदार सोडून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत राहिले. ते सगळं खरं आहे आणि त्यावर सिनेमा निघालाच पाहिजे.

माझा प्रश्न सिनेमा कुठे संपवला, एवढाच आहे. अशा गोष्टीत शेवट ठरलेला असतो: सैन्य येतं, शरणागती होते, तिरंगा वर चढतो, संगीत भरून येतं, दिवे लागतात. पण लातुरात सप्टेंबर तिथे संपला नव्हता. नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना त्याच वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात पाहणीसाठी पाठवलं. त्यांचा अहवाल सरकारने तेव्हा प्रसिद्ध केला नाही. कितीतरी दशकं तो कपाटात होता. त्यात पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिलाय. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. या व्यापारी गावात कत्तल वीसहून अधिक दिवस चालली, असं अहवाल सांगतो. दहा हजारांच्या आसपास मुसलमान होते, समितीला जेमतेम तीन हजार भेटले. हजाराहून जास्त मारले गेले, बाकीचे पळून गेले. बायांवरचे अत्याचार, पळवून नेणं, प्रेतांनी भरलेल्या विहिरी, हेही त्यात आहे. आणि मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही आहे. कोष्ट्यांनी कोष्ट्यांना वाचवलं, एका धंद्यातली माणसं एकमेकांसाठी उभी राहिली, अशी.

म्हणजे त्या वर्षाला दोन भाग आहेत. पहिल्या भागातल्या बाईचा किंचाळण्याचा आवाज पडद्यावर भरून राहतो. दुसऱ्या भागातल्या बाईच्या आधीच 'समाप्त' येतं. कापलेला तुकडा प्रेक्षकाला दिसत नाही, आणि सिनेमात हेच तंत्र सगळ्यांत जास्त ताकदीचं आहे. जमातवाद नुसत्या खोट्यावर चालत नाही. अर्ध्या खऱ्यावर तो जास्त चांगला चालतो.

विहिरीबद्दल थोडं थांबते. 'तमस' तुमच्यातल्या थोराड मैत्रिणींना आठवत असेल. गोविंद निहलानींची ती मालिका दूरदर्शनवर १९८८ मध्ये आली होती, आपल्या उत्तरा बावकर तिच्यात होत्या. फाळणीच्या वेळी एका गावातल्या शीख बाया रांगेने विहिरीकडे जातात आणि उड्या घेतात, असा प्रसंग त्यात आहे. अप्रतिम घेतलाय. पण बाया विहिरीत गेल्या की आपल्या मनात त्यांचं देऊळ होतं. रावळपिंडीजवळच्या थोहा खालसा गावात मार्च १९४७ मध्ये खरोखर असं घडलं होतं. उर्वशी बुटालियांनी पुढे तिथल्या एका बाईची मुलाखत घेतली. तिनेही उडी मारली होती. विहीर आधीच इतकी भरलेली होती, की ती बुडू शकली नाही. ती बाहेर आली, जगली, म्हातारी झाली. अशी बाई कुठल्या युद्धपटात असते? मेलेली बाई इज्जत होते. जगलेली बाई अडचण होते. आपल्या चारही जिल्ह्यांत, दोन्ही धर्मांत, अशा जगलेल्या बाया होत्या. कोणी परत आल्या, कोणी ज्याने नेलं त्याच्याच घरी संसार केला. त्यांच्या नातवंडांना हे सांगितलं गेलं नाही.

लढणारी बाई तरी दाखवा म्हटलं तर तीही फारशी नाही. जालन्याकडच्या दगडाबाई शेळके घोड्यावरून फिरल्या, क्रांतिकारकांना हत्यारं पोचवली. दर १७ सप्टेंबरला भाषणात त्यांचं एक वाक्य असतं. सिनेमात बाई बहुतेक वेळा फरफटत नेली जात असते, आणि तेव्हाही कॅमेरा कुठे असतो ते बघा. कितीदा तो ओढणाऱ्याच्या उंचीवरून तिच्या अंगाकडे बघत असतो. अत्याचाराचा निषेध करणारा सिनेमा अत्याचार करणाऱ्याची नजर आपल्याला उसनी देतो. हा माझा जुना राग आहे, पण तो कमी व्हावा असं अजून काही बघितलेलं नाही.

तर दाखवायचा का? माझं मत, दाखवायचा. आपण नाही दाखवला तर तो मोबाईलवर तुकड्या-तुकड्यांनी दिसणारच आहे, आणि तिथे चर्चेला कोणी नसतं. पण मुस्लिम मैत्रिणींना आधी विचारायचं, आयत्या वेळी समोर बसवायचं नाही. त्या नको म्हणाल्या तर त्या दिवशी नाही. दाखवताना अत्याचाराच्या प्रसंगी थांबवायचा आणि विचारायचं, आत्ता आपण कोणाच्या डोळ्यांनी बघतोय? शेवटचा झेंडा चढला की दिवे लावून निघून जायचं नाही. तिथून पुढचे वीस दिवस आपण तोंडाने सांगायचे, अहवालातले आकडे फळ्यावर लिहायचे, वाचवणाऱ्या शेजाऱ्यांसकट. आणि गावातल्या म्हाताऱ्या बायांना बोलू द्यायचं. ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढच्या आता मोजक्या उरल्यात. त्या तेव्हा लहान पोरी होत्या, पण पोरींना बरंच दिसतं. त्यांनी नाव सांगू नका म्हटलं तर नाव लिहायचं नाही.

वाद होतील. एका ठिकाणी आमच्यावर आरडाओरडा झाला, तुम्ही रझाकारांची बाजू घेता म्हणून. मी म्हटलं, गोरट्याचंही सांगते, बसा. काही बसले, काही गेले.

आता बोलणं पुरे. 'उरी'मधला तो अंत्यसंस्काराचा प्रसंग आपण दोनदा पाहणार आहोत, आधी आवाज बंद करून. मागच्या मैत्रिणींनी पुढे सरका, आणि कोणीतरी तो पंखा बंद करा, पडदा हलतोय.